दोघी जमिनीवर

वन्सं : नुसती छताकडे काय बघतेस, वहिनी? पडलीस ना आता? मग पहिलं काय करायचं?

वहिनी : घाबरायचं नाही.

वन्सं : ते तू घाबरूनच बोलतेयस.

वहिनी : अहो वन्सं, दम तर खाऊ द्या! दम खायचा, मग हातपाय हलवून बघायचे. कुठे कळ आली तर जागचं हलायचं नाही, फोन लावायचा. फोन गाऊनच्या खिशात.

वन्सं : शाब्बास. दुखतंय कुठे?

वहिनी : कान. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी मैदानात उभ्या असल्यासारख्या ओरडता.

वन्सं : खेळाची बाई कुजबुजली तर पोरं पळतील का? चल, कुशीवर वळ.

वहिनी : वळते. या सोफ्याखाली केवढी जळमटं आहेत हो! रोज झाडते मी, तरी...

वन्सं : जळमटं कुठे पळून जात नाहीत. बघ, मी पण वळतेय तुझ्याबरोबर.

(बाहेरून किल्लीने दार उघडून लेक आत येते.)

लेक : आई! अगं बाई! आत्या, तू पण? दोघी पडलात? हलू नका, मी अँब्युलन्स बोलावते!

वन्सं : फोन ठेव आधी. कोणी पडलेलं नाही.

लेक : पडलेलं नाही? दोघी फरशीवर लोळताय!

वहिनी : सराव चाललाय गं. जमिनीवरून उठायचा. एकटीने पडायला कसंतरी वाटतं, म्हणून वन्सं सोबतीला पडतात.

लेक : मी इथे अँब्युलन्स बोलावायला निघालेय, आणि तुम्हाला हसू येतंय! अगं, उद्या सकाळी टेम्पो येणार सामान न्यायला. तू आवरून बसली असशील म्हणून मी आजच आले.

वहिनी : काही आवरलेलं नाही. मी येत नाहीये.

लेक : आई, पुन्हा नको हं. त्या दिवशी मी दुपारभर फोन लावत होते. शेवटी शेजारच्यांना दार फोडायला लावलं. बाथरूमच्या बाहेर पडली होतीस तू, गारठून गेलेली. विसरलीस?

वहिनी : मी कशी विसरेन? पण डॉक्टर काय म्हणाले आठव. हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. मला फक्त उठता येत नव्हतं.

वन्सं : खरं तर उठायचं कसं तेच माहीत नव्हतं. उताणं पडून सरळ उठून बसायला बघत होती. कसं जमेल? कासव उलटं पडल्यावर काय होतं?

वहिनी : कासव म्हणू नका.

लेक : आणि परत चक्कर आली म्हणजे?

वन्सं : रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी बदलून दिलीय. आता पलंगावरून उठताना आधी काठावर बसते, मग उभी राहते. बाथरूममध्ये धरायला दांडे लागले, जाऊन बघ. दारातलं ते घसरणारं पायपुसणं मी फेकून दिलं.

वहिनी : माझं चांगलं पायपुसणं होतं.

लेक : पण माझ्याकडे यायला काय हरकत आहे, आई? मी नको झालेय का तुला?

वहिनी : वेडी आहेस का? पण तू सकाळी ऑफिसला गेलीस, जावईबापू गेले, की दिवसभर मी आणि टीव्ही. तिथे पडले तरी एकटीच पडेन ना! इथे खाली उतरलं की बाकावर माझ्या मैत्रिणी असतात. एक दिवस गेले नाही तर वर येऊन दार वाजवतात.

वन्सं : आणि आता मी आहे. माझं घर आवरून आलेय, त्या मागच्या खोलीत.

लेक : तुम्ही दोघी? एका घरात? बाबा असताना तुमचं दोन दिवस पटायचं नाही!

वहिनी : तेव्हा भांडण त्यांच्यामार्फत चालायचं. आता समोरासमोर भांडतो. लवकर उरकतं.

वन्सं : ते जाऊ दे. वहिनी, दाखव हिला.

लेक : थांब, मी हात देते.

वन्सं : हात मागे! खुर्ची सरकणार नाही एवढंच बघ.

वहिनी : बघ हं. कुशीवर वळले. आता कोपरावर भार... मग गुडघे... आता रांगायचं. तू लहानपणी रांगायचीस ना, तशी. तुला मात्र टाळ्या मिळायच्या.

लेक : हळू गं, आई.

वहिनी : दोन्ही हात खुर्चीवर. आता हा पाय पुढे... थांबा. नाही जमत.

लेक : आत्या, बघ ना! मी धरते.

वन्सं : धरू नकोस. वहिनी, पाय चुकला. डावा घे. तुझा डावा बळकट आहे.

वहिनी : डावा... हां. हातांनी जोर... अगं आई गं... आणि वळून... बसले! बसले गं!

वन्सं : आता लगेच चालायला लागायचं नाही. जरा बसून राहा.

वहिनी : बसते हो. काय गं, रडतेस कशाला?

लेक : रडत नाहीये. टाळ्या वाजवतेय.

वहिनी : मग डोळे पूस आणि नीट वाजव.

लेक : आई, रोज सकाळी आणि रात्री फोन. चुकवायचा नाही. आणि शेजारी एक किल्ली ठेवायची.

वहिनी : कालच दिली. दार पुन्हा बसवायला सुताराने किती फेऱ्या घातल्या, मलाच माहीत.

लेक : थांबा, टेम्पोवाल्याला कळवते... हॅलो? उद्याचं रद्द करा हो. नाही, आई येत नाहीये. नाही नाही, पडली नाही. म्हणजे पडली होती, पण उठली... हो. एकटीच उठली!

वन्सं : त्याला कशाला सांगतेस?

लेक : मला सांगायचं होतं कोणाला तरी. आता उद्याची रजा काढलीय मी, तिचं काय करू?

वहिनी : इथेच राहा.

लेक : राहून करू काय?

वहिनी : काही नको. उशिरा ऊठ.