कोरफडीच्या मुळाशी

(जयपूर, खातीपुरा, २००६. संध्याकाळ. गच्चीत निवृत्त रेल्वे गार्ड सुखदेव आणि मुलगी रुचिता. आत स्वयंपाकघरात तारामती.)

रुचिता : कुंडीच्या मातीत सात गोळ्या आहेत, बाबा. सगळ्यात वरची अजून अख्खी, खालची पार पीठ झालेली. म्हणजे आठवडाभर रोज एक.

सुखदेव : औषध कचऱ्यात कसं टाकू? फुलाच्या कंदातून काढतात, तूच म्हणालीस. म्हणून कुंडीत.

रुचिता : आईच्या विसरण्यावरच्या गोळ्या आहेत त्या! डोक्यातला निरोप पोचायच्या आत एन्झाइम तो खाऊन टाकतं, गोळी त्याला अडवते. मी लॅबमध्ये दिवसभर हेच बघते. अर्क टाकल्यावर पिवळा रंग फिका पडला, की एन्झाइम अडलं. आणि घरी तुम्ही...

सुखदेव : अडतं ना. म्हणूनच तर. ही डायरी वाच.

रुचिता : ही ड्यूटीची?

सुखदेव : पस्तीस वर्षं गाडी कुठे किती मिनिटं थांबली ते लिहिलं. हात थांबत नाही. मोठ्यानं वाच.

रुचिता : 'चार तारीख. गोळी दिली. १८.४०, स्वप्नील कुठाय विचारलं. १८.४२, अपघात आठवला. २१.१० पर्यंत रडली.' पाच तारीख... तेच. सहा... तेच.

सुखदेव : मतलब, आपल्यासाठी पोरगा एकदा गेला. तिच्यासाठी रोज. पुढचं पान.

रुचिता : 'बारा तारीख. गोळी नाही. स्वप्नीलचं ताट वाढलं. गुणगुणली.' बाबा, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

सुखदेव : सिद्ध तू कर तुझ्या लॅबमध्ये. मला फक्त ते रडणं परत ऐकायचं नाही.

रुचिता : गोळी बंद केली तर आई तुम्हालाही लवकर विसरेल.

सुखदेव : गार्डचा डबा शेवटीच असतो, पोरी. जाईल तेव्हा जाईल. पण चोरून नको आता. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, चालू ठेवायची का. दोन्ही वेळा तू म्हणालीस, बघू.

रुचिता : हो. म्हणाले.

तारामती : (आतून) रुचे, स्वप्नील आला का गं? तीन ताटं घेऊ की चार?

सुखदेव : बोल. तुलाच विचारतेय.

रुचिता : चार घे, आई. येईलच तो.

तारामती : मग भाकरी गरमच टाकते त्याला.

रुचिता : किती वाजले, बाबा?

सुखदेव : अठरा पन्नास.

रुचिता : लिहा. अठरा पन्नास. गोळी बंद. रुचितानं सांगितलं.