कातळवीराची घोंगडी

बंद पडून आता पुन्हा सुरू होणाऱ्या 'कातळवीर' कॉमिकचं मुखपृष्ठ पूर्ण करून बाबांनी विचारलं, "कसा उडतोय?"

"घोंगडी फार जड वाटते," मी म्हणाले. ते नुसते हसले. दुसऱ्या दिवशी ते अचानक वारले.

आज पिरंगुटच्या बसथांब्यावर शेजारी एक आत्या आणि तिची भाची नवा अंक घेऊन बसल्या होत्या.

"आत्या, आला बघ तुझा कातळवीर!"

"आण हिकडं! घोंगडी हाय का झगमगता झगा दिलाय?"

"घोंगडीच हाय. पर पावसात उडताना येक खांदा खाली गेलाय."

"जाणारच की! भिजल्यावर लई जड होतीया. तू कवा पांघरलीस?"

"न्हाई बया."

"काढणाऱ्यानं पांघरलीया. सोड, आदी मी वाचणार!"

"आत्या, फाटंल!"

मुखपृष्ठाकडे बघत मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, लई भारी काढलाय."