बर्फाच्या गावचा नियम

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याला आपण फसवलं, तोच माणूस चारचौघांत आपली बाजू घेऊन भांडत असेल, तर त्याच्या तोंडाकडे बघायचं कसं? तुम्ही विचार करा, तोवर कथा ऐका.

सांगलीत निरंजन खोत म्हणून एक गृहस्थ. औषधांचं दुकान, बरं चाललेलं. बायको मृणाल, आणि वडील दिगंबरराव — पोस्टातून निवृत्त, पंचाहत्तरीला टेकलेले, गुडघे जरा कुरकुरणारे. घरात ठरलं, यंदा परदेशी बर्फात जायचं, स्कीइंग करायचं. स्कीइंग म्हणजे काय? पायांना लांब पट्ट्या बांधायच्या आणि डोंगरावरून घसरायचं. आपण मोरीत घसरतो ते फुकट, हे तिकीट काढून!

पण जायचं कुठल्या गावाला? रोज जेवणं झाली की तिघं एका मोबाइलवर डोकी घालून बसायची. स्वित्झर्लंडमधलं एक गाव फार उंच. दुसरीकडचा उतार नवशिक्यांना अवघड. शेवटी दिगंबरराव म्हणाले, "निरू, हे ऑस्ट्रियातलं घे. शिकणाऱ्यांना सोपा उतार आहे, वरपर्यंत तारेवरचा पाळणा जातो. तुम्ही घसरा, मी उन्हात बाकावर बसून बघेन. एकदा बर्फ हातात घ्यायचाय रे."

गाव ठरलं. बरोबर निरंजनचा एक मित्र सपत्नीक येणार होता. तो म्हणाला, "वडील बरोबर म्हणजे सगळं त्यांच्या चालीनं. बघ बुवा."

निरंजननं बघितलं. घरी आला नि म्हणाला, "दादा, त्या गावात सत्तरीच्या पुढच्यांना घेत नाहीत. नियम आहे."

म्हातारा म्हणाला, "असेल. थंडी बाधते या वयात." आणि उठून मुलाच्या बॅगेत लोकरीचे मोजे भरायला लागला. मृणालनं हे ऐकलं. तिला खरं माहीत होतं. ती बोलली नाही — गप्प बसणाराही वाटेकरीच, बरं का!

गेले. पाळण्यातून वर पोचले, तर काय? उन्हात बाकांची रांग, आणि बाकांवर सगळी पिकली पानं! काठ्या टेकवून, गुडघ्यांवर शाली घेऊन, खाली घसरणाऱ्या पोरानातवंडांना हसताहेत. मृणाल हळूच म्हणाली, "दादा बसले असते इथे." निरंजननं हातमोजा काढला, मूठभर बर्फ उचलला. बोटं बधिर झाली तरी मूठ सोडवेना. तेवढ्यात वडिलांचा फोन. "सोसतंय ना रे तुम्हाला? मी आलो नाही ते बरंच झालं."

"हो दादा," निरंजन म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

परत आले. एका सकाळी निरंजन वडिलांना न्यायला देवळाच्या कट्ट्यावर गेला. तिथे शेजारचे बळवंतराव आवटी बोलत होते. "दिगंबरराव, आम्ही चाललोय त्याच गावाला. मी तुमच्याहून मोठा. कसला नियम? पोरानं टोपी घातली तुम्हाला."

दिगंबरराव तापले. "माझा मुलगा खोटं बोलत नाही. नियम बदलला असेल."

निरंजन मागेच उभा. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला राहवेना. "दादा, नियम नव्हताच. मी खोटं बोललो."

तुम्हाला वाटलं, कबूल केलं, सुटला! छे. दिगंबररावांनी चपला घातल्या. वाटेत एवढंच म्हणाले, "हे घरात सांगायचं होतंस. कट्ट्यावर मला उघडं पाडून तू मोकळा झालास."

पुढच्या वर्षी निरंजन म्हणाला, "दादा, चला. गाव तुम्ही निवडा."

"राग नाही रे," म्हातारा म्हणाला. "हौस होती, ती तुमच्याबरोबर जायची होती. आता तू नेशील ते तुझं पाप धुवायला. त्यासाठी मी कशाला येऊ?"

दोघं आजही एका पंगतीला जेवतात. बोलतात, हसतातही. पण निरंजनची नजर ताटातून वर येत नाही.

आता मंडळी, निरंजनला सोडा. 'गाडीत जागा नाही', 'तिथे पायऱ्या फार', 'डॉक्टर नको म्हणालेत' — यातलं कुठलं वाक्य घरी कुणाला ऐकवून तुम्ही इथे पुढच्या रांगेत बसलात? मला सांगू नका. घरी जा, दार लावा, आणि ज्याला फसवलंत त्यालाच सांगा. नामस्मरण त्यानंतर करा. देव थांबतो. माणसं थांबतीलच असं नाही.