केवळाबाईचा पदर

...न्हाई, मला सांगा, हसायला काय सरकारी पट्टी भरावी लागती का? तुम्हाला सांगतो, बेजार झालो मी. वीस वर्षं झाली लोकायला हसवून राहिलो, अन् माझी सख्खी माय, केवळाबाई, पहिल्या रांगेत सतरंजीवर मांडी घालून बसती, अन् हसत न्हाई. बरं, तिची ती न्हाई हसली तर चाललं असतं. पण आमच्या गावात, भोकरच्या अंगाला, रिवाज हाय... सगळ्यात म्हातारी बाई तोंडाला पदर लावल्याबिगर बायका हसत न्हाईत, अन् बायका हसल्याबिगर गडीमाणसं हसत न्हाईत, आपुनच येडे दिसू म्हणून. म्हणजे मी इकडं नाचून राहिलो, अन् अख्खा मंडप मायच्या पदराकडं बघून राहिलेला. अन् पदर काही तोंडाला जाईना.

पहिलं सोंगाड्या केला. लुगडं नेसलो, कुंकू लावलं, कमरेवर घागर घेऊन असा ठुमकत आलो, तर माय ढसाढसा रडायला लागली. "अगं, काय झालं?" "लुगड्यात तू थेट माझ्या थोरल्या भैनीवाणी दिसतो रे. गेली बिचारी." झालं, बाकीच्या बाया पण रडल्या. लोकं मला भेटून, सांत्वन करून घरी गेले. पदर डोळ्याला गेला, पण तोंडाला काही जाईना.

मग मिमिक्री. कोंबडा काढला, बकरी काढली, किनवटची एसटी चढावर कशी कण्हती ते काढलं. एक म्हातारा पिशवी घेऊन उठला हो, "किनवटची लागली का?" म्हणत! अन् माय? "पंढरी, घसा धरला का रे तुजा? चल घरी, हळद टाकून दूध देते."

मग एकपात्री. एकटाच मी अन् सात माणसं. उपरणं खांद्यावर घेतलं की सासरा, डोक्यावर घेतलं की सासू... लई पाठ केलं होतं. भर रंगात माय इचारती कशी, "बाकीचे सहा का आले न्हाईत रे? भांडण केलंस का?"

मग माझा पुतण्या आदर्श, लातूरला शिकतो, तो म्हणला, "काका, हे जुनं झालं. आता स्टँडअप. लुगडं नको, कोंबडा नको. नुसतं उभं राहायचं, माईक धरायचा, अन् आपली बेइज्जती आपणच सांगायची." म्हणलं, एवढंच? ते तर मी तहसीलच्या रांगेत दर महिन्याला करून राहिलोय!

उज्वला, म्हणजे आमची बायको, तिनं तोडून सांगितलं. "ह्या जत्रंत जमलं तर जमलं. न्हाई तर गपगुमान पिठाच्या गिरणीवर बसायचं." हाव म्हणलो. अन् नेमके त्याच जत्रंला लातूरचे अमृतराव आले, गावोगाव कार्यक्रम लावणारे. वही-पेन घेऊन मायच्या शेजारीच बसले. पसंत पडलो तर सालभर कार्यक्रम, न्हाई तर गिरणी.

उभा राहिलो. पहिला विनोद... शांत. दुसरा... मागं कोणीतरी खोकलं. तिसऱ्याला अमृतरावानं वही मिटली. अन् पदर? सांगू का? मायनं पदर कमरेला खोचून टाकला होता. म्हणलं, "जाऊ द्या मंडळी. न्हाई जमलं मला. वीस वर्षं तुमचा टाइम खाल्ला, माफ करा. उद्यापासून हे बंद. सकाळी जल्दी उठून गिरणीवर बसतो, तुमची ज्वारी दळून देतो." डोळ्यात पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू.

अन् मायनं पदर उपसला, तोंडाला लावला, अन् अशी हसली, अशी हसली, की ठसका लागला तिला. "हा म्हणं सकाळी उठणार!" बायका हसल्या, गडीमाणसं हसले, उज्वला तर खांबाला धरून हसली. मी हात जोडून सांगून राहिलो, खरंच सोडतो हो, खरंच... तसे ते जास्तच लोळून राहिले. अमृतराव वही उघडून म्हणले, "पंढरीराव, बाकीचं राहू द्या. शेवटचं सोडायचं लई जबरदस्त. तेवढंच करत जा."

तवापासून हे चालू हाय. बिलोली, देगलूर, उदगीर... गावात जायचं, उभं राहायचं, अन् विनोद सोडायचा. माय पण संगं लागती, पहिल्या रांगेत बसवायला, अमृतरावाची अटच हाय. दमलो हो मी. मागच्या महिन्यात निलंग्याला खरोखर सोडलं. मायची शपथ घेऊन सांगितलं, माईक खाली ठेवला, चालत गाडीपाशी गेलो, आत बसलो, दार लावून घेतलं.

मायनं येऊन काच वाजवली. तोंडाला पदर होताच. "उतर रे पंढरी," म्हणती, "वन्समोअर आलाय."