बंगल्याच्या उकिरड्यातली बाटली

ऐका. जवळ सरका, पण चुलवाणापासून जरा बेतानं. काहिलीतल्या उसाच्या रसाला उकळी यायला अजून तासभर आहे, तेवढ्यात गोष्ट होईल. आणि मध्येच "खरं का तात्या?" म्हणून विचारायचं नाही. खोटं सांगितल्याबद्दल मला कुणी गुळाची ढेप जास्त देणार आहे का?

तर आपला हंबीर. पलीकडच्या आळीतला, पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो तो. हां, तोच. मुका हंबीर म्हणता ना तुम्ही त्याला? मुका! अरे, बारा वर्षांमागं या माणसाचा आवाज ऐकायला हवा होता तुम्ही. विहिरीत उतरून "बटण दाबा रं" म्हणाला की वर तीन शेतांपलीकडचा माणूस बटण दाबायचा. असा आवाज!

या हंबीरला एक नाद. जुन्या बाटल्या उकरायचा. हसू नका. एकदा मोटारीच्या अर्थिंगसाठी खड्डा घेताना त्याला गोटी सोड्याची बाटली सापडली, जाड हिरव्या काचेची, आत गोटी तशीच. तेव्हापासून गडी बिघडला. औषधाच्या बाटल्या, तेलाच्या, शाईच्या दौती. सुट्टी मिळाली की निघाला सळई अन् खुरपं घेऊन. सळई जमिनीत खुपसायचा अन् हाताला कळायचं त्याला, दगड आहे का काच आहे. घरामागच्या बांधावर अशा दोनशे बाटल्या ओळीनं मांडलेल्या. आपल्या गावानं बाटलीपायी वाया गेलेली माणसं पुष्कळ बघितली, पण रिकाम्या बाटलीपायी वाया गेलेला हा पहिलाच!

एखादीचा टवका उडाला तर दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही त्याला. एकदा शेजारच्या बोक्यानं एक पाडली, तर हा बोक्याच्या मालकाशी महिनाभर बोलला नाही.

आता त्या दिवशी काय झालं. माळावर इंग्रज साहेबाचा बंगला होता, आता नुसता पाया उरलाय. त्याच्या मागं साहेबाचा उकिरडा. शंभर वर्षांची घाण मातीत गाडलेली, म्हणजे हंबीरचा स्वर्गच. संध्याकाळी रस्त्याच्या कामाचा मुकादम बोलून गेला, "उद्या सकाळी सातला जेसीबी लावतोय उकिरड्याला."

झालं! हंबीर जेवण अर्धं टाकून उठला, डोक्याला बॅटरी बांधली, पिशवी घेतली.

बायको सगुणा म्हणाली, "अवं, सातवा लागलाय मला. रातचं एकटीला टाकून बाटल्या हुडकाय निघाला व्हय?"

"दोन तासांत येतो. उद्या सगळा चुरा हुईल गं त्येंचा. आतनं कडी लाव. अन् माझी हाक ऐकल्याबिगर दार उघडू नगंस."

बघा, हे वाक्य त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं. स्वतःच्या!

गेला. ओढा ओलांडला, बंगल्याची वाट धरली. अंधार असा की बॅटरीच्या उजेडाबाहेर स्वतःचा हात दिसेना. उकिरड्यावर पोचला अन् लागला सळई खुपसायला. इथं खुपस, तिथं खुपस. दगड. खापर. दगड. अन् मग लागली! काच लागली. बसला खाली, खुरप्यानं माती काढली, हातानं काढली, अन् थांबला.

बाटली उपडी होती.

आता असं बघा. उकिरड्यात फेकलेली बाटली आडवी पडते, तिरकी पडते. तोंड खाली, बूड वर, सरळ खुंटी ठोकल्यागत बाटली फेकून पडत नाही. ती कुणीतरी पुरावी लागते. हंबीरला हे कळत होतं, कळल्याशिवाय कसं राहील? पण बाटली निघाली गर्द निळी. अन् तोंडाला बूच! बुचावर लाल मेण! मानेला काळा दोरा! खुळ्याला वाटलं, कंपनीचं सील आहे. साहेबाच्या औषधाला लाखेचं सील असायचं ना, ते.

सील कसलं रं! ते मेण शेंदरात कालवलेलं होतं.

माझ्या बापाच्या लहानपणी या ओढ्याला जखीण होती. तिला स्वतःचं ना रूप ना आवाज, माळावर माणसाला चकवा लावून भास तेवढे दाखवायची-ऐकवायची. पण ज्याचा श्वास तिला घावेल त्याचा आवाज ती घ्यायची. मग त्याच्याच दारात जाऊन त्याच्या बायकोला हाक मारायची, अन् बाई पोटुशी असली तर ओढ्याला घेऊन जायची. तीन बाया नेल्या. शेवटी भिवा देवऋष्यानं तिला बाटलीत भरली. पण बाटली पुरायची कुठं? शेतात पुरावी तर नांगर लागेल. नदीत टाकावी तर वाहून वर येईल. भिवानं डोकं चालवलं. साहेबाच्या उकिरड्यात पुरली, हजार बाटल्यांत एक. उकिरड्यात बाटली शोधायला कोण येणार? जागा कुणाला सांगितली नाही अन् मरून गेला बिचारा. पुढं असला कुणी हौशी जन्माला येईल हे त्याच्या स्वप्नात तरी आलं असेल का?

तर हंबीरची एक पद्धत होती. बूच काढायचं, आधी वास घ्यायचा, म्हणजे आत औषध होतं का तेल होतं ते कळतं. अन् मग आतली माती उडवायला तोंड लावून एक फुंकर मारायची. दोनशे बाटल्यांना फुंकर मारली होती त्यानं.

बूच काढलं. वास घेतला. कसलाच वास नाही. नुसत्या हवेलाही वास असतो की नाही? यात तेवढाही नव्हता.

अन् मारली फुंकर.

फुंकर थांबेना! तो थांबवायला बघतोय अन् ती थांबेना! बाटली ओढतेय! छातीतला वारा निघाला, पोटातला निघाला, डोळे बाहेर यायला लागले. दोन्ही हातांनी बाटली तोंडापासून उपटली तेव्हा कुठं सुटला. उताणा पडला. "आयला" म्हणायला गेला.

तोंड उघडलं. जीभ हलली. आवाज नाही.

अन् बाटलीतनं आवाज आला, "आयला."

त्याचाच आवाज! जसाच्या तसा!

पोरांनो, हे त्यानं मला पुढं पाटीवर लिहून दाखवलं. बाटली टाकून तो पळाला. दहा पावलं गेला असेल, तर पुढं वाटेवर कुणीतरी बोलतंय. कोण? हंबीर बोलतोय! हंबीरच्या पुढं हंबीरचा आवाज चाललाय. आधी नुसतं "आ... आ..." मग "बटण दाबा रं." मग "उद्या सगळा चुरा हुईल." पाढे पाठ करताना पोरं घोकतात ना, तसं घोकत घोकत चाललंय. अन् मग ते एका वाक्यावर येऊन थांबलं.

"सगुणा, दार उघड."

पुन्हा म्हणालं. "सगुणा, दार उघड." पहिल्यांदा जरा वाकडं आलं होतं, दुसऱ्यांदा बरं आलं, तिसऱ्यांदा अगदी गोड आलं. त्याला कळलं, ही कुठं निघालीय.

धावला! जीव तोडून धावला. ओढ्याचं पाणी पायाला लागलं, ओलांडला, चढ चढला, अन् बॅटरी मारून बघतो तर समोर खड्डा. त्यानं आत्ता खणलेला खड्डा! पुन्हा उकिरड्यावर! परत पळाला. पुन्हा ओढा, पुन्हा चढ, पुन्हा खड्डा. तिसऱ्या वेळी तर खड्ड्याच्या कडेला सगुणा उभी. पोटावर हात ठेवून हसतेय. पाय जमिनीला टेकलेले नाहीत! तिकडं गावाच्या अंगाला आवाज लांब लांब चाललाय, "सगुणा, दार उघड."

इथं दुसरा कुणी असता तर संपला असता. पण हा गडी आयुष्यभर तारेमागं फिरलेला. त्यानं काय केलं, बॅटरी विझवली अन् डोळे मिटले. वाट फसवेल, डोळे फसवतील, पण विजेची लाईन कशी फसवणार? माळावरनं गावात खांब जातात. हात पुढं करून चाचपडत एका खांबाला जाऊन धडकला. कपाळ फुटलं. वर तारांची घूं घूं ऐकली अन् त्या आवाजाखालनं निघाला. खांब ते खांब. काट्यातनं, बाभळीतनं, डोळे मिटूनच. कानाशी कुणीतरी सगुणाच्या आवाजात रडतंय, "अवं, मला सोडून कुठं चालला?" सदऱ्याला धरून मागं ओढतंय. यानं डोळे उघडले नाहीत.

शेवटचा खांब हंबीरच्या घराच्या मागच्या बाजूला. तिथं डोळे उघडले. समोर स्वतःचं घर, आत दिवा लागलेला. अन् पुढच्या दाराशी त्याचा आवाज.

"सगुणा, दार उघड."

"आले, आले," सगुणा आतनं म्हणाली. "किती उशीर वो! जरा दम धरा, उठाय येत न्हाई पटकन."

हंबीरनं ओरडायला तोंड फाडलं. काहीच नाही! पुढं धावत जावं तर वळसा घालून जाईपर्यंत कडी निघालेली असणार. मागची भिंत बिनखिडकीची. हातानं बडवली, दगडी भिंत, तिला काय होतंय? आत चपलांचा आवाज दाराकडं चाललाय. फट्, फट्. बाई सात महिन्यांची जड म्हणून वेळ लागतोय, नाहीतर केव्हाच उघडलं असतं.

मग त्याला बांध दिसला. दोनशे बाटल्या.

पहिली उचलली ती गोटी सोड्याचीच. मारली भिंतीवर. खळ्ळ! दुसरी, तिसरी, चौथी. दौती गेल्या, तेलाच्या गेल्या. मिळेल ती फोडत सुटला. काचा हातात घुसल्या, रक्त मनगटावरनं वाहतंय, तरी फोडतोय, रडतोय अन् फोडतोय!

आत चपला थांबल्या. सगुणाचा हात कडीवर. "अगं बया! अवं, मागं तुमच्या बाटल्या फुटत्यात!"

दाराबाहेरनं आवाज आला. गोड. शांत. "फुटू दे. मांजार असंल. तू दार उघड."

सगुणा तिथंच थिजली.

फुटू दे? एका टवक्यासाठी दोन दिवस धड न जेवणारा हा माणूस, अन् फुटू दे? तिनं कडीवरला हात काढून घेतला. एक पाऊल मागं सरली. जन्मात नवऱ्याला अरेतुरे केलं नव्हतं तिनं. म्हणाली, "कोण हाईस तू?"

अन् मग दारावर असा दणका बसला की चौकटीची माती खाली आली! कडी वाकली. पण टिकली! मग काहीतरी हसत हसत ओढ्याकडं निघून गेलं. हंबीरच्या आवाजात हसत.

सकाळी आम्ही गेलो तर हंबीर काचांच्या ढिगात बसलेला, अन् सगुणा त्याच्या हातातली एक एक काच काढतेय. दोघंही जिवंत. पोटातलं लेकरूही सुखरूप. आवाज मात्र गेला. साताऱ्याच्या डॉक्टरनं घशात नळी घालून बघितलं, म्हणाला, घसा ठणठणीत आहे. उकिरडा तर जेसीबीनं त्याच दिवशी सपाट केला. ती निळी बाटली कुणाला सापडली नाही.

आता उठू नका, संपली नाही अजून. बस रे खाली.

त्यांना मुलगी झाली, कार्तिकी. ती सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तिन्हीसांजेला खेळून पळत पळत घरी आली, हसू तोंडात मावेना. "आई! पप्पा बोलाय लागलं! ओढ्याकडनं मला हाक मारत्यात. कार्तिकी, ये गं, म्हणत्यात. कसला भारी आवाज हाय पप्पांचा!"

हंबीर तिच्या समोर बसून भाकरी खात होता.

अन् तिघांनीही ऐकलं. लांबनं. "कार्तिकी... ये गं." सगुणानं सहा वर्षांनी नवऱ्याचा आवाज ऐकला अन् तिच्या डोळ्यांतनं पाणीच आलं. काय करेल बाई! हंबीरनं उठून दार लावलं, पोरीला मांडीवर घेतलं अन् तिच्या दोन्ही कानांवर हात दाबून बसला. पहाटेपर्यंत. तिकडं त्याचाच आवाज त्याच्या पोरीला बोलवत होता, अन् याला "जाऊ नकोस" एवढंही म्हणता येत नव्हतं.

म्हणून सांगतो, बंगल्याच्या वाटेनं पाऊल टाकायचं नाही. रस्ता झालाय, डांबरी आहे, दिवे आहेत, तरी नाही. कुणी नावानं हाक मारली तर वळायचं नाही, ओ द्यायची नाही.

अन् आणखी एक. ती कार्तिकी आता तुमच्या शाळेत येते ना, तिच्यावर लक्ष ठेवा. ती घाबरत नाही त्या आवाजाला. रोज सांज झाली की उंबऱ्यात येऊन बसते अन् ओढ्याकडं कान लावते. तिला तो आवडतो. बापाचा आहे ना! कधी त्या वाटेला एकटी दिसली, तर विचारत बसू नका. उचला अन् घरी आणा. रडली, चावली, तरी आणा.