तीन चिठ्ठ्या, एक फेरी

टेलरबाई : ...आणि ही पँट पाच वाजता द्यायची आहे, त्यामुळे माझा हात काही थांबायचा नाही. बोला तुम्ही. आमदार दुकानात आल्या म्हणून शिवण थोडीच आपोआप सरळ येते.

आमदारबाई : चालू द्या तुमचं. मी बसते.

टेलरबाई : त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे. गिऱ्हाइकांना सांगते तेच तुम्हाला सांगते. तो ढीग सरकवा आणि बाकावर बसा.

पीए : ताई, चार वाजता पक्षाची बैठक आहे, विसरू नका. बाई, मी थोडक्यात सांगतो. उद्या सभागृहात ताईंचं विधेयक येतंय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन विचारपूस करतात ना सरकारी कार्यकर्ते, त्यांच्याबद्दलचं. एकाकडे तीसच्या वर घरं द्यायची नाहीत, आणि दार उघडलं नाही एवढ्यावरून कुणाची फाइल बंद करायची नाही.

टेलरबाई : बरं.

पीए : भाषणात तुमच्या आईंचा उल्लेख आहे. नाव न घेता. तुमची हरकत नाही, एवढी एक सही हवी. इथे, खाली.

टेलरबाई : काय लिहिलंय ते वाचा. माझा चष्मा सुईपुरताच आहे.

पीए : ‘अकरा वर्षांपूर्वी एक वृद्ध माता राहत्या घरात पडली. कार्यकर्ता तीन वेळा तिच्या दारात गेला, परंतु कामाच्या बोज्यामुळे...’

टेलरबाई : कार्यकर्ता? आणि तीन वेळा गेला?

पीए : म्हणजे, तसं लिहायची पद्धत असते.

टेलरबाई : ताई, हा तुमच्याकडे किती दिवस आहे?

आमदारबाई : दोन वर्षं होतील.

टेलरबाई : म्हणजे ह्याला ठाऊक नाही.

आमदारबाई : नाही. अरे, तू जरा गाडीत बस.

पीए : ताई, पण सही...

आमदारबाई : बस म्हटलं ना.

(पीए बाहेर जातो. शिवणयंत्र थांबतं.)

टेलरबाई : निवडणुकीत तुमचं पत्रक आलं होतं. ‘बावीस वर्षं घरोघरी सेवा, एकही घर चुकवलं नाही.’ कागद मात्र चांगला जाड होता हो. कॉलरचा नमुना कापला मी त्यातून. तो काय, खिळ्याला टांगलाय.

आमदारबाई : ते वाक्य माझं नव्हतं.

टेलरबाई : खोडलंही नाहीत.

आमदारबाई : नाही खोडलं. ...तुमच्या आईच्या दारात जायची ती मीच, हे तुम्हाला माहीत असणारच.

टेलरबाई : आई सांगायची की. ‘ती बाई येते ती दमूनच येते, पण गोळ्यांचा डबा उघडून बघितल्याशिवाय जात नाही.’ बाकी कुणाचं कौतुक करायची नाही ती. माझं तर नाहीच.

आमदारबाई : सही राहू दे. मी वेगळंच सांगायला आलेय. मी तीनदा गेले नव्हते.

टेलरबाई : एकदाच आलात. सोमवारी.

आमदारबाई : तुम्हाला कुणी सांगितलं?

टेलरबाई : चिठ्ठ्यांनी. ‘भेटायला आलो होतो, दार बंद होतं.’ सोमवार, बुधवार, शुक्रवार. दाराच्या आत पडलेल्या, एकीत एक, तिन्ही मिळून एकच घडी. अहो, मी जन्मभर कापडाच्या घड्या मोडतेय. एकदा घातलेली घडी कुठली आणि तीनदा घातलेली कुठली, एवढं तर कळतं मला.

आमदारबाई : अकरा वर्षं तुम्हाला हे माहीत होतं?

टेलरबाई : आधी तुमचं सांगा. माझं मग.

आमदारबाई : नियम असा होता, की तीन दिवस तीन फेऱ्या करायच्या, दर वेळी दारात चिठ्ठी टाकायची. तिन्ही वेळा कुणी भेटलं नाही तर ‘संपर्क नाही’ असा शेरा मारायचा आणि फाइल बंद. माझ्याकडे चौऱ्याहत्तर घरं होती. मग आम्ही काय करायचो, एकाच फेरीत तीन तारखा घालून तिन्ही सरकवायचो. सगळेच करायचे. ‘तिकडी टाकली’ म्हणायचो. नवी मुलगी कामाला आली की पहिल्या आठवड्यात तिकडी शिकवायचो तिला. मीच शिकवायचे.

टेलरबाई : सोमवारी आई डोळे तपासायला गेली होती. आल्यावर दाराशी पडलेलं तिला दिसलंच नसणार, तेवढी नजरच उरली नव्हती.

आमदारबाई : आणि मंगळवारी संध्याकाळी पडल्या. बुधवारी मी आले असते तर मागच्या खिडकीतून बघितलं असतं. नेहमी बघायचे.

टेलरबाई : डॉक्टर म्हणाले, गुरुवारपर्यंत जीव होता.

आमदारबाई : अहवाल पाठ आहे मला. त्याच वर्षी मी टेबलावरचं काम मागून घेतलं. कुणाची कडी वाजवायला हात उचलेना.

टेलरबाई : चौऱ्याहत्तर घरं हे कारण की निमित्त?

आमदारबाई : दोन्ही. उद्या मला तेच बोलायचंय. ‘कार्यकर्ता’ नाही म्हणायचं, ‘मी’ म्हणायचं. पक्षात कुणाला पत्ता नाही. कदाचित विधेयक पडेल, आमदारकीही जाईल. पण दुसऱ्याचं म्हणून सांगितलं तर ती आणखी एक खोटी चिठ्ठी होईल. तुम्ही नको म्हणालात तर मात्र एक शब्द बोलणार नाही. आई तुमची आहे.

टेलरबाई : छान होईल भाषण. दोघंतिघं डोळे पुसतील. पेपरात येईल, ‘आमदारबाईंचा प्रांजळपणा’. निवडून याल परत, काळजी नको.

आमदारबाई : मारा टोमणे. तुमचा हक्कच आहे.

टेलरबाई : टोमणा नाही हो, खरंच भीती वाटते. काकू आठवतात? आईच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या त्या.

आमदारबाई : निळ्या दाराच्या.

टेलरबाई : अजून तिथेच आहेत. चौकशीचे साहेब आले ना, त्यांनी गल्लीत उभं राहून विचारलं त्यांना, ‘सरकारचं माणूस तीन-तीनदा येऊन गेलं, आणि तुम्ही इथल्या इथे असून एकदा डोकावला नाहीत?’ काकू म्हणाल्या, ‘बुधवारी मी दिवसभर दारातच बसले होते, कुणीही आलं नाही.’ पण कोण ऐकतंय? चिठ्ठ्या होत्या ना. निष्काळजी तर ठरल्याच, वर खोटारड्याही ठरल्या.

आमदारबाई : अहवालात एकच ओळ होती. ‘शेजाऱ्यांचे दुर्लक्ष.’ ती वाचली आणि... कसं सांगू, हायसं वाटलं होतं मला.

टेलरबाई : मलाही.

आमदारबाई : तुम्हाला?

टेलरबाई : ती घडी माझ्या हातात होती, ताई. तिथेच साहेबांपुढे धरायची होती. पण त्यांनी आधी मलाच विचारलं, ‘तुम्ही आईला शेवटचा फोन कधी केलात?’ मी म्हटलं, बुधवारी केला, उचलला नाही, वाटलं झोपली असेल. साफ खोटं. शाळा उघडायचे दिवस, गणवेशांचा ढीग पडलेला. पंधरा दिवसांत फोन केला नव्हता मी. चिठ्ठ्यांची तपासणी झाली असती तर माझ्या फोनचीही झाली असती. मग म्हटलं, जाऊ दे, दोष काकूंवरच बरा.

आमदारबाई : आणि काकू?

टेलरबाई : त्या समोरून आल्या की मी रस्ता बदलते. लोकांना वाटतं, बिचारी लेक, किती राग धरून आहे.

(पीए दारात येतो.)

पीए : ताई, साडेतीन झाले. पक्षाच्या साहेबांचे दोन फोन येऊन गेले.

आमदारबाई : एक मिनिट. बाई, तुम्हीच सांगा, मी काय करू?

टेलरबाई : सभागृहात सांगणं सोपं आहे. शेदोनशे माणसं असली की एकाच्याही डोळ्यांत बघावं लागत नाही. आधी काकूंकडे चला. मग उद्या काय हवं ते बोला. सही मी तिथून आल्यावर करीन.

आमदारबाई : त्या माफ करायच्या नाहीत.

टेलरबाई : मुळीच नाही. शिव्या घालतील, त्याही निवडून. आई एवढी फटकळ, पण त्यांच्यापुढे गप्प व्हायची.

पीए : ताई, कोण काकू? आज तीस घरांचं कलम ठेवायचं की गाळायचं ते ठरणार आहे. तुम्हीच नसलात तर ते गाळूनच मोकळे होतील.

आमदारबाई : तू जा आणि सांग, गाळलं तर मी विधेयकच मांडणार नाही. आणि भाषणाचा तो कागद दे इकडे. ते भाषण मी करणार नाही.

पीए : मग उद्या बोलणार काय?

आमदारबाई : संध्याकाळी कळवते. तुलाही आधी सांगायला हवं होतं रे. गाडी घेऊन जा, आम्ही चालत जातो.

टेलरबाई : आम्ही म्हणजे?

आमदारबाई : तुम्ही नाही येत?

टेलरबाई : ...येते. नाहीतर काय, तुमचं तेवढं सांगून व्हायचं आणि माझं राहायचं. तो पडदा ओढा तिकडचा. कुलूप लावते.

आमदारबाई : आणि पाच वाजताची पँट?

टेलरबाई : थांबेल गिऱ्हाईक. त्याला काही अकरा वर्षं नाही थांबायचं. ...ताई, एक सांगून ठेवते. काकूंना आता कमी ऐकू येतं. हळू आवाजात, हात हातात घेऊन वगैरे, असं काही जमायचं नाही. मोठ्यानं बोलावं लागेल.

आमदारबाई : किती मोठ्यानं?

टेलरबाई : अख्खी गल्ली ऐकेल इतकं.