बाहेरच्या कोणाचीही मदत न घेता

...आणि एवढं सगळं झाल्यावर हे मला विचारतात, "मग, कशी वाटली होडी?" कशी वाटली म्हणजे? तुम्हाला सांगते, छत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून, पण इतका निर्ढावलेला प्रश्न मला शेवटच्या बाकावरच्या मुलानेसुद्धा कधी विचारला नाही.

होडी म्हणजे काय ते आधी समजून घ्या, कारण तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी पांढरंशुभ्र, केबिन असलेलं, चढायला पायऱ्या असलेलं येत असेल. ते पुसून टाका. चौदा फूट लांब, प्लायवूडची, वर छप्पर नाही, मधे एक डोलकाठी, तिला एक शीड, मागे सुकाणू आणि सुकाणूच्या शेजारी शिलाईमशीनएवढं एक पेट्रोलचं इंजिन. संपलं. आमचे हे आयुष्यभर ड्रॉइंग ऑफिसात बसून पुलांचे नकाशे काढत होते. निवृत्त झाले आणि यांना वाटलं, आता पुलाखालून जावं.

दोन वर्षं ती होडी मागच्या खोलीत बांधली जात होती. जी खोली, लक्षात घ्या, मी माझ्या पुस्तकांसाठी ठरवलेली होती. पुस्तकं पलंगाखाली आणि खोलीत भुसा, राळ, रंगाचे डबे. फळ्या चिकटेपर्यंत दाबून धरायला माझे कपड्यांचे साठ चिमटे गेले. दोन वर्षं आमच्या घरचे कपडे देवाच्या भरवशावर वाळत होते. शीड माझ्या मशीनवर शिवलं, तीन सुया मोडल्या. आणि होडी बाहेर काढायची वेळ आली, तेव्हा पुलांची मापं घेण्यात हयात घालवलेल्या या गृहस्थांच्या लक्षात आलं की होडी दारापेक्षा चार इंच रुंद आहे. दार काढलं. मग चौकट काढली. मग मी अट घातली.

अट तोंडी नव्हती. मी कागदावर लिहिली, मुद्देसूद, आणि यांची सही घेतली. 'समोरच्या बेटापर्यंत जायचे आणि परत यायचे, बाहेरच्या कोणाचीही मदत न घेता. जमले, तर होडी राहील. न जमल्यास होडी विकून मागची खोली रिकामी करण्यात येईल.' हे म्हणाले, "तू पण येणार ना बरोबर?" म्हटलं, येणार तर. परीक्षक नको?

आता परीक्षकाचं काम काय? बघायचं. मधे बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. उमेदवार चुकत असला तरी आपला चेहरा कोरा ठेवायचा. म्हणून रविवारी सकाळी धक्क्यावर निघायची तयारी चालू असताना एक वल्हं होडीत गेलं आणि दुसरं तिथेच खांबाला टेकून राहिलं, ते मी पाहिलं. बोलले नाही.

मग इंजिन. त्या इंजिनाची पुस्तिका यांनी उघडलीही नव्हती. ती मी वाचली, दोनदा, पेन्सिलने खुणा करत. तिसऱ्याच पानावर ठळक अक्षरात छापलंय की पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो, तो निघण्यापूर्वी सैल करावा, नाहीतर टाकीत हवा जात नाही आणि हवा गेली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. यांनी सैल केला का? झाकणावरून प्रेमाने हात फिरवला आणि म्हणाले, "चला." मी बसले. अंगात लाइफ जॅकेट होतं, त्यामुळे बुडायची भीती नव्हती. जिंकायची घाई होती.

आधी शीड. शीड वर चढवायच्या दोरीने डोलकाठीला असा काही विळखा घातला की ते अर्ध्यावर अडकलं. सोडलं, पुन्हा चढवलं, अर्धा तास गेला. अखेर वारा भरला आणि होडी निघाली, पण निघाली ती कडेला. समोर नाही हो, कडेला, खेकड्यासारखी. कारण होडीच्या पोटातून पाण्यात सोडायची एक फळी असते, ती सोडल्याशिवाय होडी सरळ धावत नाही, आणि त्या फळीच्या खाचेवर यांनी माझ्यासाठी उशी ठेवली होती आणि त्या उशीवर मी बसले होते. "अगं, बेट डावीकडे कसं काय जायला लागलं?" बेटाला विचारा. मी बोलले नाही.

किनाऱ्याच्या चिखलाला लागायच्या आत यांनी शीड उतरवलं आणि इंजिन सुरू केलं, एका झटक्यात, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू बाष्पशक्तीचा शोध यांनीच लावला. आम्ही बेटापर्यंत गेलो, वळसा घातला, परत फिरलो. हे गाणं गुणगुणत होते. मी घड्याळ बघत होते. अर्ध्या वाटेवर इंजिन खोकलं, दोनदा, आणि बंद.

दोरी ओढली. पुन्हा ओढली. मी मोजलं, तेवीस वेळा ओढली. मधेच प्लगही काढून फुंकून झाला. वारा पडलेला, म्हणून मग हे वल्हं शोधायला वाकले, एक सापडलं, दुसरं सापडेना, आणि एकाच वल्ह्याने होडी कशी गोल गोल फिरते ते आम्ही बराच वेळ पाहिलं. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हाताला फोड. स्क्रू माझ्यापासून दोन हातांवर. मी बोलले नाही.

आणि मग आला तो कॅप्टन. कॅप्टन म्हणजे आमचा शेजारी. उभा जन्म विम्याच्या पॉलिसी विकल्या, पण गाद्यांची मोटारबोट आणि पांढरी टोपी घेतल्यापासून सगळे त्याला कॅप्टन म्हणतात, म्हणजे तोच सगळ्यांना म्हणायला लावतो. "काय राव, वहिनींना विसर्जित करायला आणलंत की काय? या वहिनी, माझ्या बोटीत या, गाद्या आहेत." आणि दोराचं टोक फेकलं. आमच्या इंजिनाकडे लांबूनच बघून म्हणतो, "कार्ब्युरेटर गेला. शंभर टक्के कार्ब्युरेटर. असल्या घरगुती होड्यांना हे व्हायचंच."

आता बघा, मी जिंकले होते. यांनी फक्त तो दोर बांधायचा होता. बाहेरची मदत, अट मोडली, होडी विकली, खोली माझी. यांनी दोर उचललाही. कॅप्टनशी एक अक्षर न बोलता, हातातल्या दोराकडे बघत मला म्हणाले, "विकून टाकू आपण. तुझी पुस्तकं उगाच पलंगाखाली पडलीत."

तुम्हाला सांगते, उत्तर माहीत असून गप्प बसणारी मुलगी मला वर्गात कधी आवडली नाही. आणि चुकीचं उत्तर मोठ्या आवाजात देणारा मुलगा तर नाहीच नाही. इथे दोघंही एकाच वेळी समोर होते आणि त्यातली एक मी होते.

मी बोलले. म्हटलं, "कार्ब्युरेटर नाही. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे. तिसरं पान."

यांनी दोर पाण्यात सोडून दिला आणि स्क्रू सैल केला. टाकीने सुस्कारा टाकला, अगदी ऐकू येईल असा. दोरी दोनदा ओढली, इंजिन चालू. कॅप्टनने आपला ओला दोर गोळा करून घेतला आणि टोपी सारखी करत निघून गेला. गाद्या कोरड्या होत्या, तेवढं समाधान त्याला असू दे.

परतताना हे टाकीचं झाकण न्याहाळत होते. मग म्हणाले, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"निघाल्यापासून."

"वल्ह्याचंही?"

"हो."

"आणि फळी?"

"मी तिच्यावर बसलेच होते."

हे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. धक्क्याला होडी बांधली आणि खिशातून घडी केलेला तो कागद काढला. मोठ्याने वाचला, "बाहेरच्या कोणाचीही मदत न घेता." मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तू बाहेरची आहेस का?"

सांगा आता. एकेचाळीस वर्षं एका घरात काढल्यावर बाईमाणसाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावं? हो म्हणू? कागद माझा, अक्षर माझं, शब्द मी निवडलेले. आणि वर ते विचारणं, "मग, कशी वाटली होडी?"

तेव्हापासून दर रविवारी मी त्या होडीत असते. सगळ्यात पुढे, यांच्याकडे पाठ करून बसते. कारण मागे पाहिलं की चुका दिसतात, चुका दिसल्या की बोलावं लागतं, आणि मी बोलले की मेली ती होडी पोहोचते.